शेवटचा शब्द पोहोचला पाहिजे

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "आमची सून इंटरनेट बसवते," असं त्या शेजारणींना अभिमानाने सांगायच्या, आणि त्याचा परिणाम असा व्हायचा की संत तुकाराम नगरातल्या आमच्या गल्लीत कुणाचंही वायफाय बंद पडलं की आमच्या दारावर थाप पडायची. मी रविवारी केसांना तेल लावून बसलेली असले तरी उठून जायचे. आता निवृत्त झाल्यावरही थाप पडतेच. पण काम ते नव्हतं.

दोन माणसं एकमेकांपासून लांब आहेत आणि त्यांना त्याच क्षणी एकमेकांशी बोलायचं आहे, तर त्यांच्यामधला रस्ता आखून देणं हे माझं काम. ईमेल थोडा उशिरा आला तर काही बिघडत नाही. पिक्चर डाउनलोड होताना मध्येच थांबला तर आपण चहा करून येतो. बोलण्याचं तसं नसतं. बोलणं फार लवकर शिळं होतं. उशिरा पोहोचलेला शब्द न पोहोचल्यासारखाच. उलट पुढच्या शब्दाच्या पायात पाय घालतो तो.

गिऱ्हाइकं म्हणायची, "मॅडम, आवाज तुटतोय, लाइन मोठी घेऊन टाका ना." मी त्यांना आपल्याच गावातलं उदाहरण द्यायचे. जुना मुंबई-पुणे रस्ता एवढा रुंद केला, तरी शिफ्ट सुटली की बस अडकायचीच. शेवटी बससाठी वेगळी लेन काढावी लागली. मी आवाजासाठी अशीच वेगळी लेन काढून देते. कॅमेऱ्याची चित्रं, हिशेबाच्या फायली, सगळ्यांनी बाजूने जायचं, आवाज पुढे. फरक एवढाच की माझ्या लेनमध्ये दुचाकीवाले घुसत नाहीत.

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटले. माणचे एक बागाईतदार होते, जमीन आयटी पार्कात गेलेली, बंगला बांधलेला. मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या जर्मनीतल्या भावाला सुट्टी मिळेना. मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं भावाने तिथून म्हणायचं आणि त्याचा आवाज संपताक्षणी इथे अक्षता पडायच्या, असं त्यांचं म्हणणं. "मागंपुढं झालं तर पाव्हणे हसत्याल," हे त्यांनी मला इतक्यांदा बजावलं की मी मंडपात वऱ्हाडाच्या मोबाइलचा वाराही लागणार नाही अशी स्वतंत्र लाइन ओढली आणि भाऊ दिसायला मोठा पडदा लावला. भावाने 'सावधान' म्हटलं आणि अक्षता पडल्या. बँडवाल्यालाही वेळ साधली. बागाईतदार डोळे पुसत माझ्याकडे आले. मला वाटलं आभार मानतील. ते म्हणाले, "पडदा जरा बारीकच घेतला बरं का तुमी."

अशा गोष्टी सांगत बसले तर अंक पुरायचा नाही. मला लिहायचंय ते चाकणच्या एका कारखान्याबद्दल. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

हा कारखाना मोटारींच्या पत्र्याचे भाग करायचा. पत्रा दाबून त्याला आकार देणारे अवजड लोखंडी साचे असतात, त्यांना तिथे सगळे डाय म्हणतात. ही डाय उचलून प्रेसमध्ये बसवायला छताखालून धावणारी क्रेन असते. क्रेनच्या केबिनमध्ये वर बसायचे रफिकभाई, चिंचवडचे. खाली उभे राहून 'वर घे, खाली घे, थांब' असं सांगायचे बाळू गाडे, राजगुरुनगरच्या बाजूच्या एका खेड्यातले. दोघांची जोडी इतकी जुनी की गाडेंनी नुसती मान हलवली तरी रफिकभाईंना कळायचं. पण कारखान्याने नवे, उंच प्रेस आणले आणि केबिनमधून खालचा माणूस दिसेनासा झाला. शिट्टी धडधडाटात बुडून जायची. म्हणून दोघांच्या कानाला बिनतारी हेडसेट लावायचे ठरले. त्यासाठीचं नेटवर्क मी आखलं. हेडसेट दुसऱ्या कंपनीने पुरवले.

मला त्या कामाचा फार अभिमान होता. अख्ख्या शेडमध्ये आवाज न अडखळता जायचा.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी कारखान्यातून फोन आला. अपघात झाला होता. डाय खाली येत असताना गाडेंना दिसलं की प्रेसच्या बैठकीवर, जिथे डाय टेकते तिथेच, लाकडाचा एक ठोकळा राहिलाय. तो काढायला त्यांनी वाकून हात आत घातला, आणि वरून डाय आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलात गाडे एकच सांगत राहिले: "म्या 'खाली घेऊ नगं' म्हनलो हुतो. म्हनलो आन् मगच हात घातला."

रफिकभाई म्हणाले, "मला 'खाली घे' असंच ऐकू आलं. अल्लाची शपथ."

हेडसेटवरचं सगळं बोलणं कारखान्याच्या सर्व्हरवर साठवलं जायचं. चौकशी समितीने ते काढलं, कुणाकडून तरी त्याचं इंग्रजी करून घेतलं. कागदावर आलं, 'खाली घ्या' अशा अर्थाचं एक वाक्य. नकार कुठेच नव्हता. समितीचा कल स्पष्ट झाला: गाडेंनी चुकीचा इशारा दिला, शिवाय यंत्रात हात घातला, आणि आता अंगाशी आल्यावर गोष्ट बदलतायत. नोकरी जाण्याची लक्षणं होती. फक्त एक औपचारिकता राहिली होती, ती म्हणजे नेटवर्क ठणठणीत होतं असा माझा अहवाल.

आमच्या छोट्या फर्मचे मालक देवधर मला म्हणाले, "आकडे बघितलेस ना? आवाजाचा एक तुकडा वाटेत हरवलेला नाही. लिहून दे आणि मोकळी हो. पुढच्या दोन शेडचं काम आपल्यालाच मिळणार आहे."

आकडे मी बघितले होते. खरंच काही हरवलेलं नव्हतं. त्या सकाळी त्या हेडसेटवरून निघालेलं सगळं सुखरूप पोहोचलं होतं. माझं नेटवर्क निर्दोष होतं, आणि तसं लिहायला माझी हरकत नव्हती. सही करायच्या आधी कारखान्यात जाऊन यावं एवढंच मनात होतं.

गेटबाहेरच्या टपरीवर रफिकभाई भेटले. टेपने त्यांना निर्दोष ठरवलं होतं, पण माणूस आजारातून उठल्यासारखा दिसत होता.

"मॅडम, टेप बोलते मी बरोबर ऐकलं," ते म्हणाले. "सगळे पाठ थोपटतात, सुटलास म्हणतात. पण बाळू खोटं बोलणाऱ्यातला नाही. आणि मी पण नाही. मग कसं काय जमायचं हे?"

"तुम्ही भेटलात त्यांना?"

"गेलो होतो हॉस्पिटलात. त्याने तोंड फिरवलं. त्याला वाटतं मी स्वतःला वाचवायला खोटं बोललो."

मी आत गेले आणि सांगितलं, मला इंग्रजी कागद नको, मूळ आवाज ऐकवा. सुरक्षा विभागाच्या बाईंनी लावून दिला. प्रेसचा दूरचा धडधडाट, आणि त्यात गाडेंचा आवाज: "खाली घेऊ."

मी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"खाली घ्यायचं असेल तर तुम्ही काय म्हणाल?"

"खाली घे."

"मग हा माणूस 'घेऊ' का म्हणतोय?"

'खाली घेऊ' हा हुकूम होतच नाही. मराठीत आपण कुणाला 'पाणी आणू' अशी आज्ञा करत नाही. त्या 'घेऊ'तल्या 'ऊ'च्या मागे काहीतरी होतं, जे टेपवर नव्हतं. इंग्रजी करणाऱ्याच्या हातून तो 'ऊ' गळला होता, आणि केबिनमधल्या माणसाने धडधडाटात जेवढं ओळखीचं होतं तेवढं घेतलं होतं. गाडे खरं बोलत होते आणि रफिकभाईही खरं बोलत होते.

मग आकडे का स्वच्छ होते? याचं उत्तर सोपं होतं, म्हणूनच ते कुणाला सुचलं नव्हतं. पेटीत टाकलेलं पत्र हरवलं तर पोस्टमनला विचारता येतं. जे पत्र पेटीत पडलंच नाही, त्याबद्दल पोस्टमन काय सांगणार? 'नको' वाटेत हरवलेलं नव्हतं. ते हेडसेटमधून निघालंच नव्हतं.

हे हेडसेट माणूस बोलत नसेल तेव्हा काही पाठवत नाहीत. बॅटरी वाचते, रस्ता मोकळा राहतो. माणूस बोलतोय की गप्प आहे हे ते आवाजाच्या जोरावरून ठरवतात. सुरुवातीला प्रेसचा धडधडाटच बोलणं समजून पाठवला जायचा, अशी तक्रार आली. तेव्हा पुरवठादाराच्या इंजिनिअरने ती पातळी वर नेली: एवढ्या जोराच्या खालचं सगळं म्हणजे शांतता. त्याने हे माझ्यापासून लपवलं नव्हतं, मला सांगायचं त्याला कारणच वाटलं नव्हतं. बिचारा फोनवर लगेच म्हणाला, "हो मॅडम, मीच वाढवली. त्यानंतर एकही तक्रार नव्हती."

आपण बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो. त्यात गाडे वाकलेले, मान खाली, हात ठोकळ्याकडे. 'खाली घेऊ' दणक्यात निघालं आणि 'नगं' छातीत उतरलं. हेडसेटने त्याला शांतता ठरवलं.

आणि आमच्या धंद्यातली चाचणी कशी असते? 'हॅलो हॅलो, वन टू थ्री.' थ्रीची शेपूट तुटली तर कुणाच्या लक्षात येणार? मला अजून वाटतं, आम्ही सगळ्यांनीच निदान एकदा तरी कामगार बोलतात ते वाक्य बोलून बघायला हवं होतं. ज्या इंग्रजीत ही यंत्रं घडतात तिच्यात नकार आधी येतो, 'डोन्ट' पहिला. शेपूट तुटली तरी तो शाबूत राहतो. आपला नकार वाक्याच्या शेवटी बसतो, सगळ्यात नाजूक जागी.

मी देवधरांना फोन करून सांगितलं. "आपली चूक नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नेटवर्कची नाही."

"मग तू कशाला उकरून काढतेस? हेडसेटवाले बघतील."

"ते कशाला बघतील? त्यांच्याकडे तक्रारच नाही. सगळं गाडेंच्या माथी जातंय."

"पुढचं काम जाईल हातचं."

"जाईल," मी म्हटलं. मला उगाच स्वतःला धीट दाखवायचं नाही. ते काम मलाही हवं होतं. पण मला माझं म्हणणं सिद्ध करता येईल याची खात्री होती, आणि खात्री असली की माझा आवाज आपोआप शांत होतो.

कारखान्याचे प्रमुख मेहरोत्रा उत्तरेकडचे, मराठी कामापुरती समजणारे. त्यांच्यापुढे आलेख मांडण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "सर, तुम्ही स्वतः केबिनमध्ये चढा. हेडसेट लावा. मी खालून बोलेन. जे ऐकू येईल तसा हात दाखवा, हातच, तोंडाने काही नको. क्रेन बंद ठेवू."

त्यांनी कोट काढून सुरक्षा विभागाच्या बाईंकडे दिला आणि चढले. प्रेस चालू ठेवले होते. समितीची माणसं, युनियनचे दोघं, शेडमधले कामगार गोळा झाले. मी गाडेंचा हेडसेट लावून केबिन दिसेल अशा जागी उभी राहिले.

"वर घे," मी म्हटलं. केबिनच्या काचेत तळवा वर गेला.

"खाली घे." तळवा खाली.

मग मी वाकले, गाडे वाकले असतील तशी, हात पुढे घातला, आणि गुडघ्याकडे बघत म्हटलं, "खाली घेऊ नको."

तळवा खाली.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्यांनी मला 'नको' म्हणताना ऐकलं होतं. कुणीतरी "आयला!" म्हणालं. मी पुन्हा तेच केलं. पुन्हा तळवा खाली. युनियनच्या एकाने हेडसेट माझ्याकडून मागून घेतला आणि त्याने करून बघितलं, तेच. मेहरोत्रा उतरून आले तेव्हा त्यांना वाटत होतं सगळं नीट चाललंय.

"क्या हुआ? हर बार तो बराबर सुना," ते म्हणाले.

"शेवटी मी काय म्हटलं, सर?"

"नीचे लो."

"मी नको म्हटलं होतं."

त्यांनी समितीच्या माणसांकडे बघितलं. एकाने मान डोलावली. मेहरोत्रा त्या प्रेसच्या बैठकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आज से ये हेडसेट बंद."

पुढचं सगळं मी अहवालात लिहिलं तसं झालं, याचा मला आजही अभिमान आहे. हेडसेटनी शांतता ठरवायचं बंद केलं, माणूस गप्प असो वा बोलत असो, आवाज सतत जातो. माझ्या लेनमध्ये तेवढी जागा होतीच. वरच्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, त्याशिवाय हूक हलवायचा नाही. आणि नकार आधी: 'थांब' म्हणा, मग बाकीचं. समितीने गाडेंवरचा ठपका काढला, उपचारांचा भार कारखान्याने उचलला, आणि बरे झाल्यावर त्यांना डायच्या देखभालीचं काम दिलं. पुढच्या शेडचं काम मात्र आम्हाला मिळालं नाही. देवधरांनी त्यावरून मला कधी बोल लावला नाही. माझ्या निरोप समारंभात मात्र त्यांनी हीच गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली, आणि त्यात त्यांनीच मला कारखान्यात पाठवलं होतं. मी नुसती हसले.

खंत एकच. बोटं परत आली नाहीत. माझा अहवाल कितीही अचूक असला तरी तो अपघातानंतरचा होता.

ठपका निघाल्यावर एका दुपारी रफिकभाई ऑफिसात आले. "मॅडम, बाळूच्या घरी चलता का? मी एकटा गेलो तर बोलायचा नाही तो."

"त्यांना कंपनीचा कागद मिळाला असेल ना?"

"कागद मिळाला. पण कागद वाचून माणूस बोलतो का?"

मी निघताना तेच दोन जुने हेडसेट आणि त्यांना एकमेकांशी जोडणारी छोटी पेटी बरोबर घेतली. जुनं सेटिंग तसंच ठेवलं.

गाडेंचं घर गावाच्या कडेला, पुढे अंगण, बाजूला गोठा. गाडे ओसरीवर बसले होते, हाताला पट्टी. मला म्हणाले, "या ताई." रफिकभाईंकडे त्यांनी बघितलं नाही. रफिकभाई एक हेडसेट हातात धरून अंगणातच थांबले.

मी कशासाठी आले ते सांगितलं. गाडे म्हणाले, "आता कशापायी? माझी चूक न्हाई म्हनून लिवून आलंय."

"लिहून आलंय. पण काय झालं ते तुम्ही ऐकलं नाही."

ते खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "ताई, खरं सांगू का? समदी म्हनाय लागली, टेपात न्हाई. पडल्या पडल्या मलाच वाटाया लागलं, बोललोच न्हाई का काय मी. तोंडातल्या तोंडातच ऱ्हायलं का काय."

त्यांच्या पत्नी, सुमनताई, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या तरातरा अंगणात गेल्या आणि रफिकभाईंच्या हातातला हेडसेट काढून घेतला. "आना हिकडं. मीच ऐकते." आणि हेडसेट कानाला लावून त्या पार गोठ्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. रफिकभाई त्यांच्या मागे गेले.

मी दुसरा हेडसेट गाडेंच्या डोक्यावर बसवला. "त्या दिवशी वाकला होता तसे वाका, आणि म्हणा."

ते वाकले. पट्टीचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. "खाली घेऊ नगं," ते म्हणाले. मी शेजारी होते. मला 'नगं' स्वच्छ ऐकू आलं.

गोठ्यापलीकडून सुमनताई ओरडल्या, "आवं, पुरतं बोला की! 'खाली घेऊ' म्हंता आन् गप बसता. फुडं काय?"

गाडे सरळ झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाकले, पुन्हा म्हणाले.

"तेच की! फुडचं कुटं जातंय?"

गाडे ओसरीच्या कडेला टेकले. "म्हंजी म्या बोललो हुतो," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "बोलला होतात."

तिकडे सुमनताईंनी हेडसेट काढून रफिकभाईंच्या हातात दिला असावा, कारण गाडेंच्या कानात काहीतरी आलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी डाव्या हाताने माइक तोंडाजवळ ओढला आणि मान ताठ ठेवून म्हणाले, "रफिक, नगं म्हनलो हुतो रं म्या."

"आलं," पलीकडून आवाज आला. "आत्ता आलं, बाळू."

रफिकभाई गोठ्याला वळसा घालून अंगणात आले, पायरीपाशी उभे राहिले. दोघांमध्ये हातभर अंतर होतं, तरी कुणीच हेडसेट काढला नाही. तसेच समोरासमोर उभे राहून दोघं एकमेकांशी त्या माइकातून बोलत राहिले. मी पेटी चालूच ठेवली आणि गोठ्यापलीकडून परतलेल्या सुमनताईंच्या मागोमाग चुलीकडे गेले.